भागाकार कोण करणार? गोणीच्या वजनाबाबत कामगार व पणन खात्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री आणि मा. पणन मंत्री, महाराष्ट्र राज्य
प्रत माहितीसाठी: राज्यातील बाजार समित्यांचे सभापती व सचिव, माथाडी मंडळांचे अध्यक्ष

विषय: हाताने उचलायच्या गोणीचे वजन, उचलण्याची उंची आणि मजुरीची पद्धत

महोदय,

बाजार आवारात मालाची गाडी शिरते तेव्हा तिच्याबद्दलचे दोन आकडे कागदावर येतात. भुईकाट्याच्या पावतीवर मालाचे निव्वळ वजन आणि आवकेच्या नोंदीत नगांची संख्या. समजा कांद्याची गाडी आहे, वजन १२,००० किलो आणि नग २००. भागाकार केला की ६० येतात. तिसरीतले पोर हे गणित करील. पण ते करण्याची जबाबदारी आवारातल्या कुणावरच टाकलेली नाही. म्हणून पावती फाइलला लागते आणि साठ किलोंची गोणी पाठीवर चढते.

पन्नासच्या वर गोणी नको, हे बाजारात लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ आहे. परिपत्रके निघतात, प्रवेशद्वारावर फलक लागतो, माथाडी काम बंद ठेवतात, बैठक होते, पुन्हा परिपत्रक निघते. एखादा हंगाम बरा जातो. पुढच्या हंगामात गोणी परत फुगते.

हे पत्र लिहिणाऱ्यांपैकी काहींचा संबंध गोणी उचलण्याशी आहे, काहींचा मोजण्याशी आणि काहींचा उचलून दुखावलेली पाठ तपासण्याशी. आमचा हितसंबंध लपवण्यासारखा नाही. नियम कागदावर राहिला की त्याची थकबाकी आमच्याच दारात वसुलीला येते. आत्ताच लिहिण्याचे कारण असे, की २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता देशात लागू झाली आणि १९४८ चा कारखाने कायदा तिच्या पोटात गेला. अशा वेळी जुन्या नियमावलीतले आकडे नव्या नियमावलीत जसेच्या तसे उतरवून घेण्याची सरकारी सवय सर्वांना ठाऊक आहे. गोणीच्या वजनाबाबत तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी आकड्यांची कुळकथा सांगतो. कारखाने कायद्याच्या कलम ३४ मध्ये म्हटले होते की, इजा होण्याचा संभव आहे इतके जड ओझे कोणत्याही कामगाराला उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये. किलोंचा आकडा ठरवणे राज्यांवर सोडले होते. आदर्श नियमावलीत आणि बऱ्याच राज्यांच्या नियमांत प्रौढ पुरुषाला ५५ आणि प्रौढ स्त्रीला ३० किलो अशी मर्यादा आली. हा ५५ चा आकडा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या १२८ व्या शिफारशीतही आहे. तिथली वाक्यरचना मात्र नीट वाचायला हवी. ज्या देशांत एका पुरुषावर ५५ किलोंपेक्षा जास्त ओझे टाकले जाते, त्यांनी ते शक्य तितक्या लवकर ५५ पर्यंत खाली आणावे, असे ती शिफारस सांगते. म्हणजे खाली उतरताना गाठायची ती पहिली पायरी होती. आपण तिच्यावरच घर बांधले.

त्याच वर्षीचा १२७ वा करार भारताने २०१० मध्ये मान्य केला. आरोग्य धोक्यात येईल असे ओझे कुणालाही हाताने वाहायला लावू नये, वाहणाऱ्याला त्या कामाचे शिक्षण द्यावे, शक्य तितकी यांत्रिक साधने वापरावीत आणि स्त्रियांवरचे ओझे पुरुषांपेक्षा बरेच कमी असावे, हे त्यातले मुद्दे. सही आपली आहे, त्यामुळे ही परक्यांची शिकवण म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आता ५०. हा आकडा कोणत्याही दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत ठरलेला नाही. पूर्वी पोते क्विंटलचे असे. १०० किलो पाठीवर घेणारी माणसे आजही गावोगाव भेटतात, त्यांची चालच ते सांगते. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले, त्या काळचा बाजार या पोत्यावर चालत होता. पुढे क्विंटलचा निम्मा करून ५० आले. हिशेबाला सोपे, तागडीला सोयीचे. पाठीला कुणी विचारले नव्हते.

पाठीला विचारायचे झाले तर कसे विचारायचे, याची पद्धत उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेने १९८१ मध्ये उचलण्याच्या कामाचे एक सूत्र काढले आणि १९९१ मध्ये ते सुधारले. त्याची सुरुवात २३ किलोंपासून होते. सगळे काही अनुकूल असेल, म्हणजे ओझे अंगालगत, कमरेच्या उंचीवर, अंग न पिळता, चांगली पकड मिळून, अधूनमधून उचलायचे, तर दोन हातांनी २३ किलो. मग जिथे जिथे परिस्थिती बिघडते तिथे या २३ ला एकाहून लहान गुणकाने गुणत जायचे.

गोदामातून गाडी भरताना काय होते ते पाहू. गोणी फरशीवर आडवी पडलेली. दोघे जण तिच्या दोन टोकांना वाकतात, पकडतात आणि तिसऱ्याच्या वाकलेल्या पाठीवर ठेवतात. तिसरा ती मानेच्या मुळाशी आणि खांद्यांवर पेलतो, हात मागे नेऊन गोणीचे कान धरतो आणि फळीवरून गाडीत चढतो. उचलणाऱ्या दोघांचे हात घोट्यांपासून साधारण ४० सेंटिमीटर पुढे असतात, कारण गोणीचे पोट मध्ये येते. त्याचा गुणक २५ भागिले ४०, म्हणजे ०.६२५. हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, म्हणजे कमरेच्या ७५ पासून ६० खाली: ०.८२. तिथून ११० पर्यंत उचलायचे, म्हणजे ९५ सेंटिमीटरचा प्रवास: ०.८७. वाहणारा बाजूला उभा असतो म्हणून ४५ अंशांचा पीळ: ०.८६. मिनिटाला एक गोणी आणि काम दिवसभर: ०.७५. प्लास्टिकची गोणी, नीट पकड नाही: ०.९०. सगळ्यांचा गुणाकार करून २३ ने गुणले की हाती येतात जेमतेम ६ किलो.

सहा. गोणी ५० ची असेल तर दोघांत वाटून प्रत्येकी २५, म्हणजे चौपटीहून जास्त. ६० ची असेल तर ३०, म्हणजे पाचपट. या संस्थेच्या मते एकपटीच्या पुढे कंबरदुखीचा धोका वाढू लागतो आणि तिपटीच्या पुढे तो बहुतेकांना गाठतो. हे सूत्र एकट्याने उचलण्यासाठी आहे, जोडीने उचलण्यासाठी किंवा पाठीवरून वाहून नेण्यासाठी नाही, हे आम्ही जाणून आहोत. म्हणून ६ हा आकडा नियमात घाला असे आमचे म्हणणे नाही. पण तो ज्या दिशेला बोट दाखवतो ती दिशा चुकीची नाही. आणि पाठीवर घेणाऱ्या तिसऱ्या माणसाची मान तर या हिशेबात धरलेलीच नाही.

यातून निघणारी एक गोष्ट बैठकांमध्ये नेहमी सुटते. गोणी २५ किलोंची केली, पण फरशीवरून उचलायची तशीच ठेवली, तर आता एकटा माणूस ती उचलणार आणि मिनिटाला एकाऐवजी दोन उचलणार. त्याच्या हातात पुन्हा २५ किलोच येतात, वर झटके दुप्पट. सुरक्षित आकडा ६ वरून ५ च्या आसपास घसरतो. उलट हीच गोणी कमरेएवढ्या, म्हणजे ७५ सेंटिमीटर उंच फलाटावर ठेवा, माणूस ३० सेंटिमीटरइतका जवळ येऊ द्या, समोरच्या समोर २५ सेंटिमीटरच उचलायला लावा. मिनिटाला दोन आणि पकड तशीच वाईट धरली तरी आकडा ११ किलोंवर जातो, म्हणजे दुपटीहून जास्त. वजन कमी करणे आणि उंची दुरुस्त करणे ही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतात. एक करून दुसरे सोडले तर पैसा वाया आणि वर 'करून पाहिले, फरक पडला नाही' हा शेरा.

जगाने या प्रश्नाशी कशी झटापट केली तेही थोडे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९७० च्या सुरक्षा कायद्यात मालकाचे सर्वसाधारण कर्तव्य सांगितलेले होते, उचलण्या-वाकण्याच्या कामासाठी वेगळा नियम नव्हता. १९९० मध्ये तिथल्या कामगार मंत्री एलिझाबेथ डोल यांनी तो करण्याची घोषणा केली. मालक संघटनांचा विरोध, संसदेने आवळलेला निधी, सुनावण्या, यांत दहा वर्षे गेली. अखेर १४ नोव्हेंबर २००० रोजी नियम प्रसिद्ध झाला आणि १६ जानेवारी २००१ पासून अमलात आला. ६ मार्चला सिनेटने ५६ विरुद्ध ४४ मतांनी आणि ७ मार्चला प्रतिनिधिगृहाने २२३ विरुद्ध २०६ मतांनी तो फेटाळला. २० मार्चला राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांची सही झाली. दहा वर्षांचे काम दोन महिन्यांत संपले. शिवाय ज्या कायद्याखाली तो फेटाळला गेला त्यात अशी मेख आहे, की संसदेने नवा कायदा केल्याशिवाय तशाच स्वरूपाचा नियम त्या खात्याला पुन्हा करता येत नाही. वॉशिंग्टन राज्याने २००० मध्ये स्वतःचा नियम केला होता. तो २००३ मध्ये सार्वमताने गेला. कॅलिफोर्नियाचा १९९७ चा नियम टिकला, पण त्याची कळ दाबली जाते ती दोन माणसे जायबंदी झाल्यावर: एकाच प्रकारचे काम करणाऱ्या दोघांना १२ महिन्यांत तशी इजा झाल्याचे डॉक्टरने सांगितले, तर मालकाचे कर्तव्य सुरू होते.

युरोपने दुसरी वाट धरली. २९ मे १९९० च्या निर्देशाने मालकावर तीन पायऱ्या घातल्या. हाताने उचलणे टाळता येत असेल तर टाळा. टाळता येत नसेल तर त्या कामाची तपासणी करा. मग धोका कमी करा. ब्रिटनने त्यावरून १९९२ मध्ये नियम केले, ते १९९३ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाले. त्यांत वजनाची सक्तीची मर्यादा नाही. सोबतच्या मार्गदर्शक तत्त्वांत पुरुषासाठी २५ आणि स्त्रीसाठी १६ किलो दिले आहेत, तेही ओझे अंगालगत आणि सैल सोडलेल्या हाताच्या उंचीवर असेल तर. पण उचलायला लावणाऱ्यावर जबाबदारी आली म्हटल्यावर सिमेंटची पिशवी तिथे २५ किलोंवर उतरली. आपल्याकडे सिमेंट आजही ५० चे.

आपल्याकडे पिशवीचे वजन बदलता येत नाही असे मात्र कुणी म्हणू नये. २०१८ मध्ये युरियाची गोणी केंद्र सरकारच्या एका निर्णयाने ५० वरून ४५ किलोंवर आली. कारखान्यांची भरणी यंत्रे बदलली, छपाई बदलली, वाहतुकीचे हिशेब बदलले, कुणाचे काही अडले नाही. पुढे गंधकाचा लेप दिलेला युरिया ४० किलोंत आला. यातले काहीही हमालाच्या कमरेसाठी झालेले नाही. शेतकरी गोण्या मोजून खत टाकतो, तेव्हा गोणी लहान केली की खत कमी पडेल, असा त्यामागचा विचार होता. धान्य भरायच्या ५० किलोंच्या तागाच्या गोणीचे स्वतःचे वजन ५८० ग्रॅम असावे, इथपर्यंत आपली मानके काटेकोर आहेत. धान्य शंभर टक्के आणि साखर वीस टक्के तागातच भरावी, असे १९८७ च्या कायद्याखालचे आदेश सांगतात. गोणीच्या कापडाची इतकी काळजी घेणाऱ्या देशाला गोणीखालच्या माणसाची थोडी घेता येईल.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी आधी सांगतो, कारण बाकीच्या तिच्यातूनच फुटतात.

वजनाची मर्यादा किलोत आहे आणि पैसे नगावर आहेत. हमाली, वाराई, भराई या माल उचलण्या-भरण्याच्या मजुऱ्या. त्यांतले बरेचसे दर प्रत्येक नगाप्रमाणे लागतात आणि बारदान्याचा खर्च तर नगावरच असतो. वरच्या गाडीतले १२,००० किलो ५० च्या गोणीत भरले असते तर २४० नग झाले असते. ६० च्या गोणीत भरल्याने २०० झाले. चाळीस रिकाम्या गोण्यांचे पैसे आणि चाळीस नगांची मजुरी वाचली. शेतकरी असो वा व्यापारी, ज्याच्या खिशातून हे पैसे जातात तो गोणी दाबून भरणारच. त्यात त्याची दुष्टबुद्धी नाही, तुमच्या दरपत्रकाने त्याला तसे करायला सांगितले आहे. वर काही जण विचारतात, माल तर तेवढाच, मग माथाड्याचे बिघडले काय? बिघडते ते असे: कमरेच्या चकतीला दिवसभराची बेरीज कळते, त्याहून जास्त एकेक झटका कळतो. कमरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या आणि त्याखालच्या चकतीवरचा दाब ओझ्याबरोबर वाढतोच, शिवाय वाकलेल्या धडाचे वजन त्यात मिळते.

दाबून भरलेल्या गोणीत आणखी एक खोट असते. मोजकी भरलेली गोणी वर शिवताना तोंडाशी चार बोटे जागा राहते, दोन कोपऱ्यांना कान निघतात आणि त्यांना हात घालता येतो. ६० किलो कोंबले की शिलाई अगदी काठाशी येते, कान राहत नाहीत, गोणी ढोलासारखी ताठ होते. तागाला लोखंडी आकडा (हुक) लावता येत असे. प्लास्टिकच्या गोणीला आकडा लावला की ती फाटते, माल सांडतो, नुकसान माथाड्यांच्या टोळीच्या माथी. म्हणून बोटांनी चिमटून उचलायचे. ओल्या हंगामात प्लास्टिक निसटते. निसटणारी गोणी सावरायला जो हिसका द्यावा लागतो, तोच बहुतेक वेळा कमरेत भरतो.

दुसरी तक्रार कायद्याच्या फटीची. कलम ३४ कारखान्यापुरते होते, बाजार आवार कारखाना नव्हे. नवी संहिता दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, आणि गाळ्यावर दिवाणजी धरून चार-पाच माणसे असतात. टोळी गाळ्याची नोकर नाही, तिची नोंद माथाडी मंडळाकडे. मंडळ पगार आणि लेव्हीचा, म्हणजे मजुरीवर मालकाकडून घेतल्या जाणाऱ्या रकमेचा, हिशेब पाहते, फरशीची उंची पाहत नाही. बाजार समिती १९६३ च्या पणन कायद्याखाली परवाने देते आणि सेस घेते, गोणीखालच्या कमरेचा विषय कामगार खात्याकडे ढकलते. कामगार खाते पणनकडे. वास्तविक १९६९ च्या माथाडी कायद्यातच, जिथे अन्यथा पुरेशी तरतूद नाही अशा कामाच्या ठिकाणी आरोग्य आणि सुरक्षिततेचे उपाय त्या कायद्याखालच्या योजनेत घालता येतील, असे म्हटले आहे. गोदी कामगारांच्या १९४८ च्या कायद्यावरून ही रचना आली. अधिकार आहे, वापरायचा राहिला आहे. ज्या कायद्याच्या नावातच माथा आहे, त्याने माथ्यावर किती ठेवायचे हे सांगू नये, याला काय म्हणावे?

तिसरी तक्रार कराची. ती तुमच्या खात्यांच्या आवाक्याबाहेरची वाटेल, पण नाही. १८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक करून लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि एकेका पिशवीत २५ किलोंपेक्षा जास्त माल असेल तर लागत नाही. त्यामुळे तांदळाच्या पिशव्या २६ आणि ३० किलोंच्या होऊ लागल्या. आंतरराष्ट्रीय मानक हाताने उचलायला जी संदर्भमर्यादा धरते ती २५ किलो, आणि आपला कर नेमका तिच्याखाली राहणाऱ्याला दंड करतो. उद्देश काहीही असो, परिणाम हा आहे. कर परिषदेत महाराष्ट्राला खुर्ची आहे.

चौथी मोजदादीची. कामावर अपघात झाला तर भरपाईचा कायदा माथाड्याला लागू आहे. पाय घसरून पडला, गोणी अंगावर आली, तर तो अपघात. वीस वर्षे वाहून मणका झिजला तर तो अपघात नव्हे. मग तो व्यवसायजन्य आजार म्हणावा, तर कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ नोंदी होत्या. शिसे, पारा, सिलिका, आवाजाने येणारा बहिरेपणा, सगळे होते, ओझ्याने गेलेली पाठ नव्हती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या यादीत स्नायू आणि सांध्यांच्या आजारांना स्वतंत्र विभाग आहे. इथे नोंदच नसल्यामुळे आकडा नाही, आकडा नाही म्हणून प्रश्न नाही.

स्त्रियांबद्दल एकच वाक्य: निवडण्या-भरण्याच्या कामावरच्या बाया भरलेली गोणी बाजूला सारतात ते काम कुठल्याच दरपत्रकात वाहतूक म्हणून येत नाही, त्यामुळे ३० किलोंचा नियम तिथे विचारातही घेतला जात नाही.

आमच्या मागण्या आता सरळ मांडतो.

हमाली, वाराई आणि भराईचे दर सर्व बाजार समित्यांत क्विंटलवर आणा. दर ठरवताना आजच्या ५० किलोंच्या नगाची मजुरी दुप्पट करून क्विंटलचा दर धरा, म्हणजे टोळीची कमाई घटणार नाही आणि गोणी फुगवण्यातला मजुरीपुरता फायदा संपेल. बारदान्याचा फायदा उरेल, त्यासाठी पुढची मागणी आहे.

प्रवेशद्वारावर भागाकार करा. निव्वळ वजन भागिले नग. सरासरी ५१ च्या वर गेली (एक किलो बारदाना आणि ओलाव्याची सूट) तर त्याच गाडीतल्या कुठल्याही दहा गोण्या वजनकाट्यावर ठेवा. त्यांतल्या तीन जरी ५१ च्या वर निघाल्या, तरी गाडी हाताने उतरणार नाही. माल परत पाठवू नका, शेतकऱ्याचा कांदा रस्त्यात नासेल. आवारातच गोणी फोडून पन्नासची भरा. दुबार भराईचा खर्च, माल व्यापाऱ्याने भरला असेल तर व्यापाऱ्यावर टाका. शेतकऱ्याने घरी भरला असेल तर पहिल्या हंगामात खर्च समितीने सोसावा, दुसऱ्यापासून अडत्याने, कारण रिकामा बारदाना बहुतेक वेळा तोच पुरवतो. हा भेद आम्ही मुद्दाम करतो आहोत. लासलगाव-पिंपळगावकडे कांदा ट्रॅक्टरमधून सुटा विकला जातो आणि गोणी व्यापाऱ्याच्या खळ्यावर भरते. सोलापूर, अहिल्यानगरकडे शेतकरीच गोणी भरून आणतो. दोघांना एकच दंड लावला तर शेतकरी आणि माथाडी एकमेकांसमोर उभे राहतील आणि तिसरा मजा पाहील.

पन्नास हा शेवटचा आकडा मानू नका. नियमातच टप्पे लिहा: आज ५०, दोन वर्षांनी ४०, आणि पॅक होऊन येणाऱ्या मालाला, म्हणजे तांदूळ, डाळ, साखर, सिमेंटला, चार वर्षांनी २५. आखातात जाणारा कांदा लहान जाळीच्या पिशव्यांत भरणारे हात इथलेच आहेत. जे दुबईच्या हमालाला झेपावे म्हणून करता येते ते तुर्भ्याच्या हमालासाठी करता यावे.

टप्प्यांबरोबर उंची बदला, नाहीतर वर दाखवल्याप्रमाणे हाती काही लागणार नाही. नवा गाळा किंवा गोदाम बांधताना धक्का गाडीच्या तळाएवढा उंच असला पाहिजे आणि मधली फट भरायला लोखंडी पत्रा असला पाहिजे, लाकडी फळी नको. जुन्या गाळ्यांत दर चार गाळ्यांमागे एक हाताने ढकलायची पॅलेट गाडी आणि एक फिरता पट्टा समितीने सेसच्या पैशातून घ्यावा. थप्पी हाताने लावायची ती वाहणाऱ्याच्या खांद्यापर्यंतच. त्याच्या वरचे थर गोण्यांच्या पायऱ्या करून चढवणे बंद, वर पट्ट्याने. पट्टा घ्यायला सांगणे सोपे आणि चालवणे अवघड, हे आम्हाला माहीत आहे. आवारात पडून गंजलेले पट्टे आम्ही पाहिले आहेत. ते गंजतात कारण पट्टा आला की टोळीतली माणसे कमी करू, अशी भाषा सुरू होते. म्हणून पट्टा आल्यावर टोळीची संख्या आणि क्विंटलचा दर निदान तीन वर्षे बदलणार नाही, हे त्याच आदेशात लिहा.

शिलाईखाली चार बोटे जागा आणि दोन्ही कोपऱ्यांना कान, ही अट बारदान्याच्या नियमात घाला. त्याला एक पैसा लागत नाही.

माथाडी कायद्याखालच्या योजनांत सुरक्षिततेचे प्रकरण घाला आणि वजनमर्यादा तिथे लिहा, म्हणजे दहा कामगारांची अट आडवी येणार नाही. मंडळाने कंबर, मान आणि गुडघ्याच्या तक्रारींची नोंदवही ठेवावी: वय, कामाची वर्षे, कोणत्या बाजारात, कोणता माल, किती दिवस घरी. नोंदणीच्या वेळी एकदा आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणी करा. पाठ गेलेल्याला टोळीतून काढू नका, मोजणीचे किंवा शिलाईचे काम द्या. आणि ओझ्याने होणारे मणक्याचे आजार अधिसूचित आजारांत घ्यावेत, अशी लेखी शिफारस केंद्राला पाठवून तिची प्रत प्रसिद्ध करा.

कर परिषदेत २५ किलोंच्या रेषेचा मुद्दा मांडा. पिशवी किरकोळ विक्रीची आहे की घाऊक, हे ठरवायला वजनाशिवाय दुसरे निकष सापडतील.

यातल्या बहुतेक गोष्टींना वेळ लागेल हे मान्य. भागाकाराला लागत नाही. वजन आणि नग, दोन्ही आकडे समित्यांच्या दप्तरात आजही आहेत. गेल्या एका वर्षातल्या प्रत्येक गाडीचे वजन, नग आणि त्यांची सरासरी मालवार आणि बाजारवार काढून ३० दिवसांत जाहीर करा. बाकीच्या मागण्यांवर बैठक त्यानंतर बोलवा, ते कागद टेबलावर ठेवून.

कळावे,

बाजार आवारात गोणीशी आणि पाठीशी रोजचा संबंध असलेले काही जण